पऱ्यापलीकडे गेलेलं कोठार

कुवेतमधली थंडी मला आधी ऐकू येते. एप्रिलपासून घरात अखंड घरघरणारा एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी बंद होतो आणि घर इतकं शांत होतं की वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी कळतं. मग मी खिडक्या उघडते. सलव्यातल्या आमच्या गल्लीत समुद्रावरचा ओलसर वारा शिरतो. समोरच्या घरातली माणसं पिकअपमध्ये तंबू, गाद्या आणि पाण्याची पिंपं चढवत असतात. आता सुट्टीचे दिवस ती वाळवंटात काढणार. कोपऱ्यावरचा भाजीवाला पालकाची जुडी पुढे करून सांगतो, "दीदी, वफ्रा का माल है, आज सुबह का." इथल्या शेतांचा हंगाम आता सुरू होतो, आणि गावाकडे याच दिवसांत भात कापून, झोडून, वाळवून घरात आलेलं असतं.

परवा एसी बंद केला आणि खिडकी उघडली. पूर्वी या सकाळी मी काम करता करता गुणगुणत असायचे. परवा मात्र चेहरा एकदम गरम झाला, आणि खिडकी मी पुन्हा लोटून घेतली. त्या वाऱ्याबरोबर गेल्या वर्षीचा हिवाळा आत आला होता. तेवढ्यात फोनवर मराठी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा मेसेज आला: "वसुधाताई, गेल्या वर्षी राहून गेलेलं तुमचं कोठार यंदा होऊ दे. सगळे विचारतात."

"तुमचं कोठार" या दोन शब्दांकडे मी बराच वेळ बघत राहिले.

ते कोठार रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी होतं. सगळंच्या सगळं लाकडी. खाली जांभ्या दगडाचा चौथरा, त्यावर ऐनाचे खांब, आणि ओल लागू नये, उंदीर शिरू नयेत म्हणून जमिनीपासून वर उचललेली फळ्यांची तळजमीन. भिंती फणसाच्या फळ्यांच्या, एकीच्या खाचेत दुसरी बसवलेल्या. खिळा शोधूनही सापडायचा नाही. कोठार दुमजली होतं. वरच्या मजल्याला एक झरोका, झरोक्यावर पुढे आलेला वासा आणि वाशाला लाकडी कप्पी. टोपलीला दोर बांधून भात वर खेचायचं आणि झरोक्यातून आत ओतायचं. खाली पुढच्या बाजूला एक लहानसं सरकतं दार होतं. ते उचललं की भात सळसळत बाहेर यायचं.

मी लहान होते तेव्हा कुळं जमिनींची मालक झाली होती आणि कोठारात फक्त आमच्या घरापुरतं भात असायचं. वरचा मजला रिकामा. आम्ही भावंडं त्या टोपलीत एकेकाला बसवून दोर ओढायचो. आत काळोख असायचा, तुसाचा आणि जुन्या लाकडाचा वास असायचा, आणि फटींमधून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत असायची. मे महिन्यातल्या दुपारी सगळी मोठी माणसं झोपली की ते कोठार आमचं राज्य होतं. आम्ही पूर्वीचे खोत, म्हणजे गावाचा वसूल गोळा करणारं घराणं, हे मला माहीत होतं. पण ते जसं आपलं आडनाव माहीत असतं तसं. हे एवढं कोठार कुणी बांधलं, त्यात कुणाचं भात यायचं, ते देताना त्या माणसांना काय वाटायचं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि नंदूचा, माझ्या चुलत भावाचा, फोन आला. तो गावात होमस्टे चालवतो. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा पुरत नव्हती म्हणून कोठार काढायचं त्यानं ठरवलं होतं. जुनं लाकूड घेणारा माणूसही शोधून ठेवला होता. मी त्याला थांबवलं. उत्साहानं फोटो मागवून घेतले, भावंडांचा ग्रुप केला, आणि मंडळाच्या कार्यक्रमात उभी राहून त्या कोठारावर बोलले. पडद्यावर फोटो होते. मी म्हणाले, "दुष्काळात अख्ख्या गावाला जगवणारं हे कोठार आपल्या पूर्वजांच्या दूरदृष्टीची खूण आहे." हे वाक्य मला कुणी सांगितलेलं नव्हतं. जुनं कोठार म्हटलं की त्याचं असं काहीतरी असणारच, असं धरून मी चालले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थांचे तर डोळे भरून आले. त्यांना त्यांचं गाव आठवलं असणार.

तिथंच ठरलं की संक्रांतीच्या मेळाव्यात कोठाराची एक लहान प्रतिकृती ठेवायची. ती करायला माणूस मला आधीच भेटला होता.

मी इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. त्याच सुमारास मनगट सुजलेला एक सुतार आला होता. हात कसा ठेवायचा ते मी हिंदीत सांगत होते, आणि त्यानं वेदनेनं तोंडातल्या तोंडात जे काही म्हटलं ते कोकणातलं मराठी होतं. मग तालुका निघाला, मग गाव निघालं. माझंच गाव. महादेव सुतारवाडीतला होता. सुतारवाडी पऱ्याच्या पलीकडे. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा, पावसात दणाणून वाहणारा आणि चैत्रात कोरडा पडणारा. आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर ती वाडी आहे. तिथलं एकही माणूस मला नावानं ठाऊक नव्हतं. महादेवला मात्र आमच्या घरातले सगळे ठाऊक होते. कोण मुंबईला, कोण पुण्याला, मी कुवेतला, सगळं. मला त्यावेळी त्याचा आनंदच झाला. आता तोही आनंद आठवला की कसंसं होतं.

महादेव अम्गऱ्यातल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि तिथंच मागच्या खोलीत चौघांबरोबर राहायचा. मनगट बरं झाल्यावर त्यानं प्रतिकृती करायचं कबूल केलं. तो हिवाळा मग मी दर शुक्रवारी अम्गऱ्यात काढला. मोडक्या गाड्यांचे ढीग, लोखंडाच्या पट्ट्या, टायर, आणि त्या सगळ्यांवरून वाहणारी बारीक धूळ. पण वर्कशॉपच्या दारात लाकडाचा ताजा वास असायचा. जहाजातून माल घेऊन आलेल्या खोक्यांच्या फळ्या सोलून महादेव त्यांतून बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढायचा. माझ्या फोनवरचे फोटो मोठे करून बघायचा. आम्ही कागदी पेल्यातून चहा प्यायचो आणि गावच्या आंब्याविषयी, एसटीविषयी, बोलायचो. असेच एकदा तो म्हणाला, "माजा आजा बोलायचा, खोतांचं कोठार मी उभं केलं. आमाला लांबून दाखवायचा."

मला केवढा हर्ष झाला. ज्यानं मूळ कोठार बांधलं त्याचाच नातू इथं प्रतिकृती करतोय! मी लगेच ग्रुपवर टाकलं. मंडळाला कळवलं. आणि आबाकाका कुवेतला आले की महादेवला जेवायला बोलवायचंच, असं ठरवून टाकलं.

आबाकाका म्हणजे माझे थोरले काका, नंदूचे वडील. ऐंशीच्या घरातले, खणखणीत. थंडीचे दोन महिने आमच्याकडे राहायला येणार होते. मला रेडिओग्राफी शिकायला शहरात पाठवायला घरात कुणी तयार नव्हतं तेव्हा तेच माझ्या बाजूनं उभे राहिले होते. गोष्ट सांगावी तर त्यांनीच. आमच्या लहानपणी ते ओटीवर बसून सांगायला लागले की आम्ही खेळ सोडून येत असू, आणि गोष्टीच्या शेवटी ते हसले की सगळे हसत असू. ते आले तेव्हा बॅगेत आमसुलं, पोहे आणि माझ्या मुलीसाठी, ईशासाठी, खास फणसपोळी होती.

शुक्रवारी दुपारी जेवण ठेवलं. डाळिंब्यांची उसळ, सोलकढी, मोदक. महादेव इस्त्रीचा शर्ट घालून आला. प्रतिकृती त्यानं जुन्या चादरीत गुंडाळून आणली होती. जेवणानंतर काकांसमोर उघडायची असं आमचं ठरलं होतं, म्हणून ती चपलांच्या रॅकशेजारी ठेवली. माझ्या नवऱ्यानं, श्रीधरनं, त्याला काकांच्या समोरची खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला. माझ्या ते लक्षात आलं होतं. पाहुणा संकोचतोय, एवढाच मी त्याचा अर्थ लावला.

काकांनी सोलकढीचा घोट घेतला आणि प्रेमानं विचारलं, "सुतारवाडीतला ना? कुणाचा रे तू?"

महादेवनं वडिलांचं नाव सांगितलं. काकांना ओळख लागेना. मग त्यानं आजाचं सांगितलं, धोंडू. काकांचा चेहरा उजळला.

"धोंडूचा नातू तू! अरे, त्याचं आणि त्या कोठाराचं तर केवढं प्रकरण झालं होतं."

आणि काकांनी गोष्ट सांगितली. तेव्हा खोती कागदावरून गेली होती, गावातून जायची होती. माझ्या आजोबांना त्या वर्षीचं भात यायच्या आत कोठार हवं होतं. धोंडूला रोजंदारी द्यायचा प्रश्न नव्हता. सुताराला वर्षाचं बलुतं, म्हणजे कामाबद्दल ठरलेला धान्याचा वाटा, असायचाच. फक्त त्या वर्षी आजोबांनी तो अडवून धरला. कोठार पुरं होईल तेव्हा मिळेल म्हणाले. "नाहीतर ही माणसं काम लांबवतात," काकांनी श्रीधरला समजावून सांगितलं. पाऊस संपला, भात यायला लागलं, खालचा मजला भरत चालला आणि वरचं काम अजून सुरूच होतं. एका सकाळी धोंडू वरून उतरला तेव्हा त्याच्या पंच्याला गाठ होती. गाठीत भात होतं.

आजोबांनी ती गाठ सोडू दिली नाही. ती त्याच्या गळ्यात बांधायला लावली आणि त्याला कप्पीखाली उभं केलं. दिवसभर कुळं भाताच्या टोपल्या घेऊन येत होती. प्रत्येकाला विचारलं जायचं, याच्या गळ्यात काय आहे सांग. त्यानं मोठ्यानं सांगायचं, आणि मग त्याचं भात वर चढायचं. ऊन उतरेपर्यंत हे चाललं.

"आणि दुसऱ्या दिवशी गडी कामावर हजर!" काका हसत म्हणाले. "कसली माणसं होती. काम अर्धवट टाकून जायचा नाही."

त्यांच्या मनात हे कौतुक होतं. धोंडूच्या नातवाला त्याच्या आजाची थोरवी ते सांगत होते.

मी हसले. हे लिहायला मला या नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं. काकांची गोष्ट संपली आणि माझा चेहरा लहानपणच्या सवयीनं आपोआप हसला. श्रीधर ताटात बघत होता. ईशा, जिला मराठी कळतं पण बोलताना इंग्रजीच तोंडात येतं, तिनं विचारलं, "पण आजोबा, ही वॉज हंग्री, राइट?" काका म्हणाले, अगं, जुन्या काळची गोष्ट आहे ती.

महादेवचा हात भातात थांबला होता. थोड्या वेळानं त्यानं ताटातलं उरलेलं सगळं खाल्लं, सावकाश. मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं."

उठला, ताट उचलून स्वयंपाकघरात गेला आणि विसळून ठेवलं. मी राहू दे म्हणेपर्यंत त्याचं झालं होतं. जाताना त्यानं चादरीतलं ते गाठोडं न उघडता काखेत घेतलं, काकांना वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

धोंडूनं आयुष्यभर जे आपल्या मुलानातवंडांना कळू दिलं नव्हतं, ते मी मोदक वाढून त्याच्या नातवाला ऐकवलं होतं. एवढ्या लांब, समुद्रापलीकडे, माझ्या जेवणाच्या टेबलावर.

काका मात्र अस्वस्थ झाले ते महादेव असा का गेला म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही समुद्रावर फिरायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलंच, मी काय वाईट बोललो, चांगलंच बोललो की त्याच्या आजाबद्दल. मग मी सांगितलं. फार काही नाही. एवढंच, की त्याच्या आजाला उपाशी ठेवून आपण ते बांधून घेतलं, आणि आपण ते हसत सांगतो. खडकांवर गळ टाकून बसलेल्या माणसांकडे बघत आम्ही चालत राहिलो. बऱ्याच अंतरावर गेल्यावर ते थांबले.

"मी तिथं होतो, वसू," ते म्हणाले. "सगळे हसत होते. म्हणजे हसावंच लागत होतं, बाबा समोर उभे होते. मीही हसलो. तेव्हापासून ही गोष्ट मी हसूनच सांगतो. दुसरी कशी सांगायची ते मला येत नाही."

त्यांचा राग करणं त्यामुळे आणखीच अवघड झालं. आणि राग करणारी मी तरी कोण? आजोबांच्या त्या कोठारातल्या भातावर काका शिकले, माझे बाबा शिकले, आणि बाबांच्या नोकरीवर मी. हॉस्पिटलातलं माझं ओळखपत्र, सलव्यातलं घर, ईशाची शाळा, हे सगळं मागे मागे नेलं तर त्या सरकत्या दारापाशी जाऊन पोचतं. आत कुणाचं होतं हे न विचारता आम्ही दार उचलत राहिलो.

त्या दिवसांत मी कामावर जायची, रोग्यांना "श्वास रोखा, हलू नका" म्हणायची, आणि मला वाटायचं की सगळ्यांना माझ्याकडे बघून कळतंय. मंडळाला मी कळवलं की प्रतिकृती वेळेत होत नाही. खरं कारण सांगायचं धैर्य झालं नाही. त्या भाषणाचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर फिरतच होता. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. मी तो एकदा लावला, आणि "पूर्वजांची दूरदृष्टी" या शब्दांशी येऊन बंद केला.

मग एका संध्याकाळी मी नंदूला फोन करून सांगितलं, कोठार पाडून टाक. विक, जाळ, काय हवं ते कर. नंदूला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं. फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटत होतं. न्याय केल्यासारखं.

हे महादेवला सांगायला मी अम्गऱ्याला गेले. गेल्या काही शुक्रवारी गेले नव्हते. थंडी संपत आली होती, वाऱ्यात धूळ वाढली होती. तो एका कपाटाचं दार मशीननं घासत होता. मला बघून त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, मनगट बरं असल्याचं सांगितलं. सगळं पूर्वीसारखं, फक्त माझ्या तोंडाकडे बघणं टाळून. मी आल्या आल्या सांगून टाकलं की कोठार पाडायला सांगितलंय.

त्यानं मशीन बंद केलं. "कशाला?"

"मला त्याची लाज वाटते, महादेव."

"वाटू दे की," तो म्हणाला. मग बराच वेळ हातातल्या पॉलिश पेपरची घडी घालत राहिला. "तुमाला लाज वाटते म्हणून माज्या आजाचं काम पाडायचं? त्यानं आमाला एवढंच सांगितलं, की ता मी बांधलं. बाकीचं त्यानं गिळलं. आता तुमी तेवढंपण ठेवणार नाय."

तो आवाज चढवून बोलत नव्हता. पलीकडे काम करणाऱ्या पोरांना काही कळलंही नसेल. मला मात्र आपण पुन्हा तेच केलं हे दिसलं. बांधताना धोंडूला कुणी विचारलं नव्हतं, आणि पाडताना त्याच्या नातवाला मी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं हात वर केला.

"माफी मागू नका, ताई. तुमी मागितलीत की मला कायतरी बोलायला लागंल."

चहा आला, तो आम्ही प्यायलो. जाताना दिसलं, मागच्या खोलीच्या दारातून, त्याच्या खाटेवरच्या फळीवर ती प्रतिकृती होती. पुरी झालेली, पॉलिश केलेली. खोलीतल्या कुणीतरी तिच्या वरच्या मजल्यात लसूण ठेवला होता. ती मंडळाला द्यायची नाही, असं त्यानं माझी नजर बघून सांगितलं. मी हो म्हटलं.

घरी येऊन नंदूला फोन लावला तोवर त्यानं कौलं उतरवली होती, खालचं सरकतं दार आणि झरोक्याचं दार, दोन्ही लाकूडवाल्यानं नेली होती. मी थांब म्हणाले तर तो चिडला. चिडणारच, मी आज एक सांगत होते, उद्या दुसरं. काका समोर सोफ्यावर बसले होते. जमीन आणि कोठार अजून त्यांच्याच नावावर होतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "नंदू, ते सुतारवाडीला देऊन टाक. सगळं. विचारत नाही, सांगतोय."

मग त्यांनी मला महादेवला फोन लावून द्यायला सांगितला. फोन हातात धरून ते खिडकीपाशी गेले. मला वाटलं होतं ते बरंच काही बोलतील. पलीकडून महादेवचा "बोला" ऐकू आला, आणि काका, ज्यांना शब्द कधी कमी पडला नव्हता, ते नुसते उभे राहिले. अखेर म्हणाले, "तुमचं आहे, घेऊन जा." आणि फोन माझ्याकडे दिला.

महादेव सुट्टी काढून गावी गेला. वाडीतल्या माणसांनी कोठार फळी फळी करून सोडवलं, प्रत्येक फळीवर खूण केली, आणि कोरड्या पऱ्यातून डोक्यावरून पलीकडे नेलं. आमच्या घरातल्या कुणी हात लावायला येऊ नये, एवढं त्यांनी आधीच सांगितलं होतं. नंदू माडीवरून बघत होता. त्यानंच मला हे कळवलं. कप्पी त्यांनी नेली नाही. चौथऱ्यावर ठेवून गेले.

महादेव परत आल्यावर हॉस्पिटलात एकदा भेटला, एका सोबत्याला घेऊन आला होता. उभं राहिलं का, मी विचारलं. "राहिलं," तो म्हणाला. "बायका नाचणीचं बियाणं ठेवतायत." त्यानं फोटो दाखवला नाही आणि मी मागितला नाही. घरी ये, असं मी दर वेळी म्हणते. "बघू, ताई," असं तो दर वेळी म्हणतो.

सेक्रेटरीबाईंना मी काल उत्तर पाठवलं: ते कोठार आमचं नाही, मागच्या वर्षी मी चुकीचं बोलले, मला बोलू द्याल तर मेळाव्यात खरं काय ते सांगेन. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. सणाच्या कार्यक्रमात हे कशाला, असं त्यांना वाटत असेल. वाटू दे. मी हे सांगून मोठी होत नाही, हे मलाही कळतं. लाज सांगून टाकण्यातही एक सुख असतं आणि त्या सुखाचीही मला आता भीती वाटते.

मे महिन्यात मी गावी गेले होते. काकांना बरोबर यायचं होतं. पऱ्यापर्यंत आले आणि गुडघा दुखतो म्हणून काठावरच्या दगडावर बसले. मी एकटी उतरले. इतक्या वर्षांत तो पऱ्या मी कधी ओलांडला नव्हता. दुसऱ्या बाजूची चढण अगदी थोडी आहे. वर वाडीच्या मोकळ्या जागेत, आंब्याखाली, कोठार उभं होतं. नव्या दारांचं लाकूड फिकं, बाकीचं काळपट. पाटी नाही, नाव नाही. पायरीवर एक म्हातारी बाई सुपात काहीतरी पाखडत बसली होती. महादेवची आत्या, धोंडूची मुलगी. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मला बसायला जागा करून दिली.

आम्ही उन्हाविषयी बोललो, यंदा आंबा कमी आला त्याविषयी. महादेव जेवतो का वेळेवर, तिनं विचारलं. कप्पीखालच्या त्या दिवसाविषयी ती काही बोलली नाही. मीही नाही. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यापाशी येऊन थांबली. तांब्या पुढे केला नाही.

"पिशील ना गो आमच्या हातचं?" तिनं विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. चहात साखर किती घालू विचारावं तसं तिनं विचारलं होतं. मी हो म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले. पाणी पिऊन होईपर्यंत ती माझ्या गळ्याकडे बघत उभी होती, खरंच गिळते का ते.